केसांच्या गोळ्या

सून : एक्केचाळीस गोळ्या कमी आहेत. तीनदा मोजल्या मी.

नवरा : चौथ्यांदा मोज. आल्या असतील परत.

सून : चेष्टा नकोय मला. नव्वदची बाटली. रोज एक, अठरा दिवस. बहात्तर उरायला हव्यात, आहेत एकतीस. आता बोल.

नवरा : अशी बघू नकोस. माझ्याकडे गाडी शिकायला येऊन पहिल्याच दिवशी ती खांबाला ठोकणाऱ्या माणसाकडे मी बघतो ना, अगदी तसं बघतेयस.

सून : या बाटलीत खरं काय आहे ते तुझ्याशिवाय माहीत आहे कुणाला?

नवरा : कुणालाच नाही. तूच तर वर चिठ्ठी चिकटवलीस, ‘केस गळण्यावर’. आणि मी कशाला खाऊ तुझं फोलिक ॲसिड? तू म्हणालीस म्हणून सिगारेट सोडली. पालक खातो. मांडीवर लॅपटॉपसुद्धा ठेवत नाही आता. बाळाचा अजून पत्ता नाही आणि बाप अर्धा साधू झालाय.

सून : हळू बोल! आई शेजारच्या खोलीत आहेत.

नवरा : मशीन चालू आहे तिची. शाळेचे बावीस गणवेश आलेत. बॉम्ब पडला तरी ऐकू नाही जायचं.

सून : बॉम्ब नाही जात. ‘बाळ’ हा शब्द बरोबर जातो. आणि हे बघ, गोळ्या नीट तीन महिने आधीपासून घ्यायच्या, असं डॉक्टरबाई म्हणाल्यात. बाळ राहिलंय हे आपल्याला कळायच्या आधीच त्याच्या पाठीचा कणा तयार व्हायला लागतो. म्हणून एकही दिवस चुकायला नकोय मला. या वेळी काहीच चुकायला नकोय.

नवरा : अगं, मागच्या वेळी तरी तुझं काय चुकलं होतं? डॉक्टरबाईंनीच सांगितलं ना, असं होतं कधी कधी, कुणाचाच दोष नसतो.

सून : माहीत आहे. तरीही मोजते मी.

नवरा : मशीन थांबलं. बाटली लपव.

सून : कुठे लपवू? गेले अठरा दिवस इथेच फळीवर आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आता लपवली तर उलट संशय येईल.

(सासूबाई गळ्यात मोजपट्टी अडकवून स्वयंपाकघरात येतात.)

सासूबाई : काय रे बाळ्या, सकाळी सकाळी कसली खलबतं? सूनबाई, ती बाटली दे बघू इकडे. माझी सकाळची गोळी राहिलीय.

नवरा : सकाळची? म्हणजे संध्याकाळचीही असते?

सासूबाई : मग! तेरा दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ एकेक. हे बघ, भांगाजवळ हात लाव. लाव ना! बारीक बारीक येतायत की नाही?

नवरा : येतायत. जंगलच उठलंय.

सून : आई, तुम्ही माझ्या गोळ्या घेता?

सासूबाई : त्यात काय एवढं? चोरून नाही हं घेतल्या, बाटली उघड्यावर होती. तुझेच केस मेले जातायत का? माझी वेणी बघ, उंदराच्या शेपटीएवढी झालीय. म्हटलं, सून शिकलेली, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, ती काही भलतंसलतं खाणार नाही. ती खाते ते आपणही खावं.

सून : तेरा दिवस दोन दोन, म्हणजे सव्वीस झाल्या. उरलेल्या पंधरा?

सासूबाई : त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

नवरा : चालत?

सासूबाई : पुडीत बांधून दिल्या मी. आठ गोळ्या तिथल्या वहिनींना, सात त्यांच्या यजमानांना, भावजींना.

नवरा : भावजींना! अगं आई, त्यांचं डोकं म्हणजे धुतलेली थाळी. तिथे काय उगवणार?

सासूबाई : आशा असते रे माणसाला. रोज आरशासमोर उभे राहतात म्हणे. वहिनी सांगत होत्या, परवा मानेजवळ एक केस दिसला.

नवरा : तो आधीपासून आहे. मी लहानपणापासून बघतोय त्याला.

सून : हसू नकोस तू! आई, त्या गोळ्या... त्या नका घेऊ तुम्ही.

सासूबाई : का गं? वाटून खाल्ल्या म्हणून राग आला? नवीन बाटली आणते मी. नाव लिहून दे.

सून : नाव नको.

नवरा : मुदत संपलीय त्यांची, आई.

सासूबाई : मग ही कशी खाते?

नवरा : तरुण केसांना चालतात.

सासूबाई : बाळ्या, तू शाळेत असतानाही तुला धड खोटं बोलता येत नव्हतं. कान लाल होतात तुझे. बरं जाऊ दे, मला घाई आहे. उद्या रक्त तपासायचंय, त्याआधी सहा शर्ट संपवायचेत. त्यात हा पाय! मशीनच्या पायडलवर ठेवला की ठेवलाय का नाही तेच कळत नाही. नुसत्या मुंग्या. काल शर्टाच्या बाहीवरून शिलाई थेट खिशात गेली.

सून : मुंग्या अजून आहेत? कमी झाल्या होत्या ना?

सासूबाई : कसल्या कमी! आता घोट्यापर्यंत आल्यात. म्हणून तर डॉक्टर म्हणाले, बी-बारा का काय ते बघू.

सून : उद्या आहे तपासणी?

सासूबाई : उद्या, उपाशीपोटी.

नवरा : अगं, नको सांगूस. मी बघतो काहीतरी.

सून : तू काय बघणार? शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबायची सवय तुझी. इथे ब्रेक नाहीये. आई, बसा जरा.

सासूबाई : बसले. आता घाबरवू नकोस.

सून : त्या केसांच्या गोळ्या नाहीत. फोलिक ॲसिड आहे ते. तुम्हाला बी-बारा कमी असेल ना, तर या गोळ्यांमुळे ते रक्तात झाकलं जाऊ शकतं. रिपोर्ट बरा दिसतो आणि पायाच्या नसा मात्र आतल्या आत बिघडत राहतात. उद्या डॉक्टरांना सांगायलाच हवं तुम्ही, तेरा दिवस काय घेत होतात ते.

सासूबाई : फोलिक. हे तर...

सून : हो.

सासूबाई : मागच्या वेळी तुला डॉक्टरबाईंनी दिल्या होत्या त्याच?

सून : त्याच. या वेळी आधीपासून घेतेय. अजून काही नाहीये, आई. नुसती तयारी चाललीय.

सासूबाई : म्हणजे तो रोजचा पालक, ती अंडी, चहा एका कपावर आणलास ते... केसांसाठी नव्हतं?

सून : नव्हतं.

सासूबाई : आणि मला चिठ्ठी चिकटवून दाखवलीत.

नवरा : आई, कल्पना माझी होती.

सासूबाई : कान बघ तुझे.

सून : माझीच होती. खरं सांगू? मागच्या वेळी पाचव्या आठवड्यात तुम्हाला सांगितलं. दुपारी तिसरा मजला, संध्याकाळी अख्खी इमारत. तुम्ही तर सहा झबली शिवून मोकळ्या झालात. आणि मग होत्याचं नव्हतं झालं तेव्हा... अकरा जणांनी विचारलं मला. लिफ्टमध्ये, दुकानात, एकीनं तर मी तिचे डोळे तपासत असताना. अकरा वेळा ‘राहिलं नाही’ म्हणाले मी. बारावी वेळ नाही झेपायची मला.

सासूबाई : अकरा होते? मला वाटलं, चार-पाचच असतील.

सून : तुमच्यावर राग नाही माझा. तुम्हाला आनंद झाला होता.

सासूबाई : आनंद झाला की तोंड शिवता येत नाही मला. जन्म गेला शिवण्यात, तेवढंच राहिलं. अगं, पण मग आज का सांगितलंस? आणखी दोन महिने ढकलता आलं असतं. मी तर खातच बसले असते, केस मोजत.

सून : पाय तुमचा आहे ना.

सासूबाई : हं.

नवरा : कोण बेल वाजवतंय आता?

सासूबाई : वहिनी असतील. आज आणखी पुडी देते म्हणाले होते.

सून : आई, त्यांना काय सांगणार?

सासूबाई : तू अंडं खा, गार होतंय. आणि ती चिठ्ठी काढू नकोस बाटलीवरची. बाळ्या, बाजूला हो. आले हो वहिनी, आले!

नवरा : झालं. संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत.

सून : शू. ऐकू दे.

सासूबाई : नाही हो, गोळ्या नाही मिळायच्या आता. डॉक्टरांनी बंदच करायला सांगितल्यात मला, तुम्हीही थांबवा. उरलेल्या आणून द्या परत. भावजींचा केस? राहू द्या ना तो तसाच, शोभतोय. कोण, सूनबाई? कामाला निघालीय. नवीन? आमच्याकडे? छे, काहीच नाही.