पान कापायची कात्री

माजं नाव निलव्वा. माहेर मंगळवेढ्याच्या पलीकडं, समदं ज्वारीचं रान, घरात आई कानडी बोलायची, बा मराठी बोलायचा आन् भांडन लागलं की दोगंबी कानडीत भांडायची. तुमी माज्या नातीच्या केसाचं इचारायला आलाव न्हवं, गौरीच्या, कंचं तेल लावताव म्हनून? समदीच इचारत्यात. तिची येनी बगितली की बायका रस्त्यात थांबवत्यात. तेलाचं काय न्हाय ताई, खोबऱ्याचं तेल, दुकानात मिळतंय तेच. सांगते की, पन मला सरळ सांगता यायचं न्हाय, मदी लई काय काय पडलंय, आन् आता मी बोलता बोलता बी दमते. तुमी च्या घ्या, मी पानं कापत बोलते, सूप मांडीवरनं खाली ठिवलं तर आजच्या विड्या पुऱ्या व्हायच्या न्हायत.

आईची रीत सांगते आदी. रविवारी ती चुलीवर हंडा तापवायची, शिककाई उकळायची, आमा भैनींची डोकी खसाखसा धुवायची आन् मंग उनात बसवून ठिवायची. केसं पार कोरडी झाल्याबिगर उटू द्यायची न्हाय. आमी कुरकुर केली की पाठीत धपाटा. वल्ली केसं बांदली की कुजत्यात गं, म्हनायची. कंगवा खालनं लावायची, आदी शेंडे, मंग मदलं, मंग वर, वरनं वढलं की गाठ खाली जाऊन घट्ट बसती. एवढंच हाय ताई. धुवा, वाळवा, खालनं इंचरा, पोटाला भाकरी-भाजी खावा, शेंगा खावा. हे लिव्हून घेतलं तर तुमचं काम झालं. पन ज्या बाईला तिचीच केसं इंचरायची बंदी व्हती, ती म्या, म्हनून म्हनते ऐका.

लगीन करून सोलापुरात आले. हितंच, पूर्व भागात, शेजारी समदी तेलुगू बोलनारी. आमचे मालक मागावर, चादरीच्या कारखान्यात. मानूस हसरा, उगं कुनाला बी चिडवायचे. सासूला आमी आत्ती म्हनायचो, कानडीतलं हाय ते. आत्तीनं मला विड्या वळायला शिकवल्या, ही कात्री तवाची हाय बगा, पान कापायची, हिची मूठ माज्या आंगठ्याला बसलीय आता. पैलं बाळ झालं आन् गेलं. चार दिस बी न्हाय जगलं. त्याच्यामागं मला ताप आला, किती दिस पडून व्हते ते कळलं न्हाय. बाळंतीन, त्यात ताप, त्यात सुतक, केसाला कुनी हात लावला न्हाय. उटून बसले तवा मागं मानेवर केसाचा गोळा झालता. आईजवळ असते तर तेल लावून तिनं सोडवला असता, मला दोन धपाटे घालून. आत्तीनं बगितलं आन् हात जोडले. जट हाय, म्हनली, यल्लव्वा देवी आली घरात, आता कंगवा लावायचा न्हाय, कात्री तर न्हायच न्हाय, कात्री लावली की घरातलं मानूस जातंय.

आता खरं सांगू का तुमाला, मला बरं वाटलं. तुमी काय बी म्हना. त्याच्या आदी मी लेकरू गिळलेली सून व्हते, जेवताना बी आत्ती टोमना मारायची. जट आली आन् आत्ती गप झाली. जावा पाया पडायच्या. मंगळवारी, शुक्रवारी बायका यायच्या, वटी भरायच्या, जटंला हळद-कुंकू लावायच्या. माज्या बाळाला कुनी रडलं न्हवतं, पन माज्या केसाला समदी नमस्कार करायची. मंग मी कशाला म्हनू सोडवा म्हनून?

पन ती जट वाढत गेली वो. दोरखंडागत कंबरंपातूर आली. त्यात तेल, हळद, कुंकू, तंबाखूची धूळ, समदं मुरलं. भिजली की वाळायचीच न्हाय. वास यायचा. झोपायचं तर एका कुशीवर. मान अशी एका बाजूला झुकली ती आजबी बगा, सरळ व्हत न्हाय. माजा सिद्धाराम झाला, शाळंत जायला लागला, आन् एक दिस घरी येऊन म्हनला, आई, तू शाळंत येऊ नको, पोरं नाक धरत्यात. पदर घट्ट गुंडाळला आन् विड्या वळत बसले.

मंग जटंखाली जखम झाली. ठनका असा की डोळ्याफुडं अंधारी यायची, आन् पू यायला लागला. आत्ती म्हनली, देवीचं काय तरी चुकलंय, नारळ फोडा. मालक दुपारी कामावरनं जेवायला आले, जेवले, हात धुतला आन् म्हनले, निला, फुडं बस. माज्या सुपातली कात्री उचलली. म्या हात धरला त्यांचा. म्हनलं, न्हाय, आवं मानूस जातंय. ते हसले. म्हनले, देवीला एवढी घान चालती व्हय गं? आन् काय पाप लागायचं आसंल ते मला लागू दे, माजी केसं तशीबी गळाल्यात. तवा बी चेष्टाच. पान कापायची कात्री ती, लई येळ लागला. जट खाली पडली तवा माजं डोकं असं हलकं झालं की उटून हुबी ऱ्हायले तर तोलच गेला. मंग त्यांनी स्वताच्या हातानं पानी तापवलं, माजं डोकं धुतलं, जखमंवर हळद लावली. मानंला वारं लागलं ताई. किती वर्सांनी. मी लई रडले.

वरीस फिरायच्या आत मालक गेले.

खोकला त्यांना आदीपास्नं व्हता, मागावरच्या समद्यांनाच आसतो, सुताची धूळ जाती छातीत. पन त्या वर्साला जो खोकला वाढला तो घरानं खोकला म्हनून बगितलाच न्हाय. आत्ती म्हनली, कात्री लावली, आता भोगा. ह्या देवरुष्याकडं न्हे, त्याचा अंगारा लाव, तितं नवस बोल. डॉक्टर मागं पडला. ते म्हनायचे, एकदा छातीचा फोटू काढून बगू की, आन् आत्ती म्हनायची, फोटूत देवी दिसती व्हय? दवाखान्यात न्हेले तवा लई उशीर झालता. त्यांच्या मातीला आलेल्या बायकांनी मला तोंडावर सांगितलं, केसापायी नवरा घालवलास. आत्ती मरंपातूर तेच म्हनली. आन् मी बी तेच धरून बसले. रोज विडी वळायला घेतली की कात्री हातात यायची आन् मनात यायचं, हिनंच.

सिद्धारामाचं लगीन झालं, सुरेखा आली, अक्कलकोटकडची. पोरगी चांगली हाय, तोंडाची फटकळ पन मनात काय न्हाय. गौरी झाली. तवा म्या सुरेखाला म्हनलं, हिची केसं माज्याकडं. बाकी समदं तू कर. आईची रीत समदी हिच्यावर केली. नळाला पानी चार दिसांनी येतंय, पन आदी हिच्या डोक्याचं पानी बाजूला काडून ठिवायचं, मंग बाकीचं. बोअरच्या पान्यानं धुतलं की केसं राठ व्हत्यात, त्यापरीस न धुतलेली बरी. शाळंत जायच्या आदी रोज शेंडे सोडवून येनी. पोरगी वरडायची, आज्जी दुकतंय. म्हनायचे, दुकू दे, तुला काय कळतंय दुकनं म्हंजी काय.

मागच्या उनाळ्यात गौरी आजोळी गेली आन् तितं तिला टायफाईड झाला. सुरेखा बी तितंच व्हती, पन तिच्या आईनं सांगितलं, अंगात ताप आसंपातूर केसाला हात लावायचा न्हाय. बरी होऊन पोरगी घरी आली, रिक्षातनं उतरली, सिद्धाराम रिक्षा चालवतो माजा, आन् म्या बगितलं. मानंवर तसाच गोळा. आन् त्याच्यावर हळद-कुंकू लावलेलं.

चौकटीला धरून हुबी ऱ्हायले. सुरेखाला म्हनलं, तेल आन. तिनं आनलं न्हाय. म्हनली, आत्ती, तुमी हात लावू नगा. तुमच्या जटंला कात्री लागली आन् मामंजी गेले. मला एकच नवरा हाय. असं म्हनून ती मोठ्यानं रडाय लागली. मीच तिला कितींदा सांगितलतं, मानूस जातंय म्हनून. तिनं माजंच ऐकलं व्हतं. सिद्धाराम खाली मान घालून बसला. तो म्हनला, आई, तुमी दोगी ठरवा.

गल्लीत बातमी पसरायला काय येळ लागतोय? शुक्रवारी एक बाई नारळ घिऊन आली. गौरीला पुजायला पाटावर बसवायला बगत व्हती. आन् ती पोरगी, हुशार हाय, शाळंत पैल्या बाकावर बसती, ती माज्याकडं बगून म्हनली, आज्जी, आता मला शाळंत घेतील का? आज्जी, माजा वास येईल का?

म्या त्या बाईला नारळासकट भायेर घालवलं. काय काय बोलले ते तुमी लिव्हू नगा. मंग गौरीला उंबऱ्यात बसवलं, तेलाची बाटली घेतली आन् सुरेखाला म्हनलं, कात्री लावत न्हाय, कंगवा तरी लावू दे. ती आत निगून गेली. न्हाय म्हनली न्हाय, एवढंच.

तेल सोडायचं, बोटानं एकेक केस काडायचा, कंगव्याच्या टोकानं हळू उकलायचं. रोज दुपारी तेच. माजी मान दुकायची, बोटं वाकडी व्हायची, पोरगी मांडीवर डोकं ठिवून झोपायची. विड्या पडून ऱ्हायच्या. सुरेखा पान्याला जाता-येता बाजूनं जायची, बगायची न्हाय, पन एक दिस बगितलं तर तेलाची बाटली भरलेली.

समदी केसं सुटली, मदी एक गाठ ऱ्हायली, लिंबाएवढी. कुंकू घट्ट बसलं व्हतं त्यात, दगडच. कंगव्याचे दात मोडले पन ती हलंना. तवा मला कळलं, आता कात्रीच.

सिद्धाराम रिक्षा घिऊन गेलता. सुरेखाला म्हनलं, तू शेजारी जाऊन बस, तुला ह्यात पाप नगं. ती गेली न्हाय. भिंतीला टेकून हुबी ऱ्हायली, तोंडात पदर कोंबून. म्या सुपातली कात्री घेतली, हीच, आन् मोठ्यानं म्हनलं, यल्लव्वा, माज्या लेकाकडं बगू नगंस, पोरीकडं बगू नगंस, ह्या कात्रीचं जे काय आसंल ते माज्या नावावर. न्यायचं तर मला ने. मालक म्हनले व्हते तसंच म्हनले, पन मला हसू आलं न्हाय. कापलं. पोरगी उटली, मानंवरनं हात फिरवला आन् म्हनली, झालं? आन् खेळायला पळाली. हिच्या जिवाला घोर न्हाय, आन् आमी दोगी तिथंच बसून.

दुसऱ्या दिशी सकाळी डोळा उगडायच्या आदीच सुरेखाचा आवाज. दारात हुबी, भ्यालेली. आत्ती? म्हनली. मी म्हनलं, हाय गं, हाय. ती चुलीकडं गेली. तिसऱ्या दिशी पुन्ना तेच. मंग रोजचंच झालं. आदी मला बगायची, मंग च्याला आदन ठिवायची. सांजंला रिक्षाचा आवाज आल्याबिगर दोगींच्या बी घशाखाली घास उतरायचा न्हाय. सिद्धारामाला साधी शिंक आली तरी आमी एकमेकींकडं बगायचो. मला खोकला झाला तवा तिनंच हाताला धरून दवाखान्यात न्हेलं, छातीचा फोटू काडला. काय न्हाय, म्हनले डॉक्टर, तंबाखूची धूळ हाय, तोंडाला फडकं बांदत जावा.

आसं करत वरीस फिरलं. सिद्धाराम हाय. गौरी हाय, केसं कमरंला टेकत्यात, कापलेली बट बी वाढतीय. आन् मी बी हाय. सुरेखा त्या दिशी हसली, म्हनली, आत्ती, तुमाला तर देवी बी न्हेईना. म्या बी हसले. आन् मंग मला जे रडू आलं ताई, ते तिला कळंना. ती म्हनली, आता काय झालं, आता तर समदं निभावलं. कसं सांगू तिला? मी जर हाय, तर मालक कात्रीनं गेले न्हाईत. ते खोकल्यानं गेले. साध्या खोकल्यानं. फोटू काडू म्हनत व्हते मानूस, आन् आमी अंगारा लावत बसलो. एवढी वर्सं मी म्हनत ऱ्हायले, माज्या केसानं न्हेलं. आता ते बी म्हनाय येत न्हाय. हलकं व्हायला पायजे व्हतं की मला? झालं की, पन ते हलकं बी सोसंना.

जाऊ द्या. तुमच्या पोरीबाळींची केसं चांगली ऱ्हावोत, त्यांना हात लावायला कुनी न भिनारं मानूस घरात असो. आज सकाळी बी आली सुरेखा, आता भ्यालेली नसती, सवयच लागलीय तिला. आत्ती? म्हनली. म्हनलं, हाय बाई, हाय अजून. कंगवा दे हिकडं, पोरीला शाळंला उशीर व्हतोय.