दादाची खुडूक कोंबडी

मामा परवा डाव्या हातानं का जेवत होते, ते ऐका. गावभर लढाईच्या गप्पा चालल्या असताना आमचा थोरला दादा साध्या तापानं गेला. तेराव्यानंतर पाथर्डीहून मामा दुखवटा काढायला आले, तेव्हा दादाची तांबडी कोंबडी त्याच्या घोंगडीवर चार दिवस बसून होती. दाण्यालाही उठेना.

“लेकराचा ध्यास घेतलाय तिनं,” आई डोळे पुसत म्हणाली.

“आक्का, दुखनं हाय ते. मरायच्या आत कापू, कालवन तरी हुईल,” म्हणत मामांनी सुरी मागितली.

घरात दादाचं जितं असं तेवढंच उरलं होतं. कोंबडी खुडूक झालीय, खाली अंडी नसतानाही उबवायला बसलीय, हे मला कळत होतं. पण माझं ऐकतो कोण?

“मामा, आजारी असंल तर पोट गार लागंल,” मी म्हणालो. “हात घालून बघा की. लई गरीब हाय.”

मामांनी उजवा हात घातला. कोंबडी फुगून दुप्पट झाली आणि तिनं बोटाला अशी चोच मारली, की मामा मुंडासं टाकून थेट अंगणात.

आई खुदकन हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

“त्याच्या घोंगडीला हात लावला, की त्योबी असाच अंगावर यायचा!”

मी धावत जाऊन शेजारून अकरा अंडी आणली आणि घोंगडीवर तिच्याखाली सारली. मामांना मात्र पिठलंच खावं लागलं, तेही डाव्या हातानं.