ग्रेसच्या गाण्यानंतरचं मौन

मी देव मानत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेतला हा प्रसंग माझ्याकडूनच ऐका. माझ्या इस्पितळातली नर्स ग्रेस केनियाची. तिच्या गावच्या क्वेकर चर्चमध्ये पाळक प्रवचन देतो आणि सगळे मोठ्याने गातात. इथे मात्र पाळक नसतो. तासभर मौन पाळतात. ज्याला आतून प्रेरणा होईल तो उठून बोलतो आणि त्यावर कुणीही काही म्हणत नाही. तिला सोबत म्हणून मी सगळं वाचून गेले होते, पण नेमकी ही शेवटची रीत तिला सांगायची राहिली.

ग्रेस उठली आणि तिने खड्या आवाजात येशूचं गाणं म्हटलं. त्यानंतर अर्धा तास कुणी एक शब्द बोललं नाही. सभा संपताच तिने कोट चढवला.

"मेधा, चल. यांना माझा येशू नको आहे."

दारात ऐंशीच्या मार्गारेटबाईंनी तिला अडवलं. "निघालीस? अगं, सात महिन्यांत इथे कुणी उठलंच नव्हतं. आम्ही सभा बंद करायच्या विचारात होतो."

"मग गप्प का बसलात?"

"आमची रीतच आहे. पुढच्या रविवारी गाशील, तेव्हाही गप्पच बसू."

ग्रेसने कोट काढला. "बरं. मग तीन गाणी म्हणेन."