ज्यानं खुतब्यात नाव घेतलं नाही

मंडळी, ऐका! एक प्रश्न टाकतो. ज्याचा देव वेगळा, त्याला आपला धनी मानावं का? आणि मानलं, तर कुठवर? — बोला की! प्रसादाचं विचारलं असतं, तर सगळे बोलला असता!

वेळूगावची गढी. धनी रायाजी देशमुख. गावातल्या मुसलमानांचा न्यायनिवाडा करायला त्यांनी नेमलेले काझी सद्रुद्दीन. एका खुशमस्कऱ्यानं देशमुखांच्या कानाशी लागून सांगितलं, "सरकार, शुक्रवारच्या खुतब्यात सुलतानाचं नाव घेतात. तुमचं का नको?" खुतबा म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन. आमच्या कीर्तनासारखंच — फक्त ते वेळेवर संपतं! देशमुख हुरळले. हुकूम सुटला!

काझी गढीवर आले. लेकीचं लग्न तोंडावर. पण बोलले, "सरकार, खुतब्यात नाव मुसलमान राजाचं. तुमचं घेता येणार नाही."

"म्हणजे आम्ही तुमचे धनी नाही?"

"आहात! तुमचा अभयाचा कौल घेऊन, शब्द देऊन इथं राहिलोय, हुकूम पाळतो. पण मशिदीत तुमचा हुकूम चालत नाही."

"मग काझीगिरी सोडा!"

गेली काझीगिरी! म्हातारा मान खाली घालून घरी आला. खूप लागलं त्याला.

थोड्याच दिवसांत मुर्तजाखान नावाच्या एका सरदारानं गावाला वेढा घातला. काझींना खानाचा निरोप आला, "आपला धर्म एक. काफिराची चाकरी हराम, असा फतवा द्या. वेशीवरचे मुसलमान पहारेकरी दार उघडतील. काझीगिरी परत देतो!"

आता काय करावं? अपमान ताजा, पहारेकरी तोंडाकडे बघतायत! काझी वेशीवर चढले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "खानसाहेब, राजा मुसलमानच हवा, असं आमचे काही पंडित म्हणतात. काही म्हणतात, जिथं नमाजाला अभय आहे तिथली आज्ञा पाळा." — मतभेद हो! आपल्याकडे नाहीत? दोन शास्त्री पंगतीत शेजारी बसले, की भात निवतो! — "पण दिलेला शब्द मोडा, असं मला एकाही किताबात सापडलं नाही. दगा हराम!"

दार उघडलं नाही. खानाची दाणावैरण संपली, तो आल्या वाटेनं गेला.

आणि देशमुख? पायी चालत काझींच्या दारात! "काझीसाहेब, चुकलो. पुन्हा काझी व्हा. पण... मी हिंदू. माझ्या हातची नेमणूक तुमच्या शास्त्राला चालते?"

काझी हसले. "पहिली कुणी केली होती, सरकार? मोठमोठ्या पंडितांनी चालते म्हटलंय. फक्त न्यायात हात घालू नका."

छाती भरून येते, मंडळी! आपल्याच मातीतला माणूस हा! धन्यालाही नाही म्हणाला, धर्मबंधूलाही नाही म्हणाला, आणि दोघांशी खरं वागला.

आता तुमचं बघू. तोंडावर नाही म्हणणारा एखादा तुमच्याही गावात असेल. त्याला परका ठरवून बसलात ना? उद्या त्याच्या घरी जा. देशमुख पायी गेला — तुम्हाला काय पालखी पाठवू?