आधी पडणारा पाय

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या गुडघ्याचा नंबर बराच मागे होता. समोरच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा हात गळ्यात बांधलेला, आणि तिची फाइल थोरलीच्या मांडीवर.

“चव्वेचाळिसाव्या वर्षी स्केटबोर्ड. डॉक्टरांना जिन्यावरून पडले म्हणून सांग.”

“का गं ताई? खरं तेच सांगते की.”

“आणि हसतेस काय? हात मोडलाय तुझा.”

“अख्खा उतार न थांबता गेले गं. तीन महिने अर्ध्यातच उडी मारत होते.”

“लहानपणी सायकलवर बसवलं तरी रडायचीस. मीच मागून धरायचे.”

“तूच धरायचीस.”

“आता तुझा तो व्हिडिओ बघून सगळ्यांना तुझंच कौतुक. आमच्या ह्यांनासुद्धा. पंचवीस वर्षं त्यांचे शर्ट इस्त्री करतेय, त्याचा कुणी व्हिडिओ काढला नाही.”

“मग ये ना माझ्याबरोबर.”

“मला काय वेड लागलंय?”

“बरं, राहिलं.”

“बोर्डवर पुढे कुठला पाय ठेवतात?”

“ज्याचा त्याचा वेगळा. मागून कुणी अचानक ढकललं, की जो पाय आधी पुढे पडतो तो.”

“काहीतरीच. आता सहा आठवडे तो बोर्ड नुसता घरात पडून राहणार असेल.”

“राहील की.”

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. थोरली फाइल सावरत पुढे झाली.

“अगं, ढकलतेस काय?”

“उजवा पडला, ताई.”

“हळू बोल. आणि जिन्यावरूनच पडलीस म्हण. नाहीतर दोघींचाही बोर्ड बंद करतील.”