फुग्यातलं शून्य

“अहो जाऊबाई, गप्प बसा, नळी निघतेय ना!”

गप्प बसा म्हणे! मला! तुम्हाला सांगते, ही माझी धाकटी जाऊ खाटेवर वाकून कानात फुसफुसतेय, समोर डॉक्टर हातमोजे चढवतायत... आता तुम्हीच सांगा, गप्प बसायला मी काय उशी आहे?

एकशे बारा किलोची बाई मी, वजन उतरावं म्हणून पोट कापून केळ्याएवढं केलं, केलं तर केलं! नाकातली नळी गेली, लघवीची गेली, राहिली एक पोटातली. बरगडीखालून निघते, टोकाला पारदर्शक फुगा, त्यात आतलं लालसर पाणी साचतं. तो कमरेला अडकवून मी व्हरांड्यात फिरते, काय तो डौल! डॉक्टरांचा हुकूम एकच : दिवसाचं पाणी तीस मिलीच्या आत आलं की नळी बाहेर, तुम्ही घरी. काल होतं नव्वद! शाळा माझी चौथीपर्यंत, पण ऑपरेशनचं माहितीपत्रक तीनदा वाचलंय मी. नळी म्हणजे आतली खबर बाहेर आणणारी शेजारीण; टाका सुटला तर पहिलं तिला कळतं!

आणि ही आमची जाऊ! पाहुणी म्हणून गेली तरी दुसऱ्याच्या घरची भांडी घासून येणारी बाई! माझा जरा डोळा लागला, तर हिने फुग्याचं बूच काढलं, सगळं बेसिनमध्ये ओतलं, फुगा साबणाने... साबणाने हो!... धुऊन लख्ख केला. “शी बाई, किती घाण साचली होती!” तुम्हीच सांगा, हिची आरती करू की हिला चिमटा काढू?

तेवढ्यात सिस्टर आली मापाचं भांडं घेऊन. फुग्यात थेंब नाही! “अय्या आजी, शून्य!” म्हणत पळाली डॉक्टरांकडे.

जाऊ फुललीच. “बघा! माझ्या हाताला यश आहे. चला घरी!”

घरी... खोटं कशाला बोलू, मोह झाला. माझी खाट, माझी खिडकी, पहाटे टोचायला कुणी नाही! पण आत काही गळत असलं तर? खबर देणार कोण, ही?

डॉक्टर म्हणाले, “आजी, दीर्घ श्वास घ्या.”

“घ्या हो श्वास!” जाऊने दंड दाबला.

घेतला. चांगला छातीभर घेतला, आणि तुम्हीच सांगा, एवढा घेतलेला श्वास वाया कसा घालवू? म्हटलं, “डॉक्टर, ते शून्य हिने धुऊन काढलंय; नळी राहू द्या, घरी हिला पाठवा!”