सहा तारांचा जावई

...आणि वर मला म्हणतो काय, तर "सहा येतात ना तुला? मग चार काय जड!" अरे, चार काय जड? तुम्हाला सांगतो मंडळी, मिसरूड फुटायच्या आधीपासून गिटार वाजवतोय मी. महाडच्या एसटी स्टँडवर उभं राहून विचारा, महिपती कोण? लगेच सांगतील, "कोण, गिटारवाला काय?" माझं आडनाव फक्त एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीला ठाऊक हाय, बाकी सगळ्या तालुक्यात मी गिटारवाला महिपती! आणि ह्या माणसाने, ह्या काशीअण्णाने, आमच्या 'सावित्री सूर' ऑर्केस्ट्राचा मालक हा, गायक हा, निवेदक पण हाच, दुसऱ्याच्या हातात माइक दिला तर ह्याचा हात झडेल, तर ह्या माणसाने माझ्या गळ्यातली गिटार काढून घेतली आणि बास अडकवला!

बास म्हणजे काय ते ठाऊक नाय ना तुम्हाला? नसणारच! कुणालाच नसतं, तेच तर दुखणं हाय! दिसायला गिटारच, पण मान लांबलचक, तारा चारच, त्या पण सायकलच्या ब्रेकच्या वायरीएवढ्या जाड, आणि आवाज इतका खालचा की तो कानाला ऐकू येत नाय, पोटाला येतो.

आता तुम्ही विचाराल, काढली का गिटार? चोरी केली मी? बेसूर वाजवलं? छे हो! भाचा आला! काशीअण्णाच्या बहिणीचा पोरगा, ऋत्विक, भांडुपचा. नोकरी सोडून आला की नोकरीने ह्याला सोडला ते अजून कळलेलं नाय, पण येताना लालभडक गिटार घेऊन आला. आणि वीर स्टेशनवर त्याला आणायला कोण गेलं? मी! रिक्षात त्याची गिटार मांडीवर कुणी घेतली? मी! खड्ड्यात आपटू नये म्हणून पोटाशी धरून आणली हो! मला काय ठाऊक, मी माझीच सवत मांडीवर बसवून आणतोय!

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला काशीअण्णा गोड बोलायला लागला. हा माणूस गोड बोलायला लागला की आपण आपलं खिसापाकीट नाय, मुंडकं सांभाळावं. "महिपती, आपला बासवाला गेला रे सुरतेला. बासशिवाय कसं पोकळ पोकळ वाटतं. तू घे की. सहा येतात ना तुला? मग चार काय जड! आणि गिटार काय, आपला ऋत्विक बघेल. पोरगं गोरंगोमटं हाय, पुढं उभं राहिलं तर बरं दिसतं." म्हणजे मी काय, मागं उभा राहिलो तर बरा दिसतो?

मग नवा बॅनर आला. ऋत्विक मधोमध, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत, केस भुरभुर उडतायत... महाडात एप्रिल महिन्यात वारा कुठून आणला हो ह्यांनी? शेजारी काशीअण्णा, दोन ठिकाणी. आणि मी? मी ऑक्टोपॅडच्या, त्या काठ्यांनी बडवायच्या इलेक्ट्रिक ढोलाच्या, मागं. सगळा नाय, थोडाच. माझी लेक सेजल बॅनरवर बोट ठेवून मला म्हणते, "बाबा, हा कान तुमचा ना?" तुम्हाला सांगतो, पोरीने त्या कानावर बोट ठेवलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठरवलं. सूड!

पण सूड घ्यायचा कसा? रुसून घरी बसायचं? मग पुढच्या बॅनरवर कान पण राहायचा नाय! मी म्हटलं थांब, बास तर बास. असा शिकतो की तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या पाहिजेत. आणि शिकायला बसलो, तर मलाच झोंबलं! का? कारण काशीअण्णाचं खरं निघालं! अहो, बासच्या चार तारा म्हणजे गिटारच्या वरच्या चार जाड तारा, तीच नावं, तोच क्रम, फक्त एक सप्तक खाली. गिटारवर 'जी' नावाची कॉर्ड धरायची, म्हणजे तीनचार सूर एकदम दाबायचे, तर बोटांचा नुसता गुंता, आणि इथं? सगळ्यात जाड तार, तिसरा फ्रेट, म्हणजे मानेवरची तिसरी पट्टी, एक बोट, खलास! गाण्यात कॉर्ड कधी बदलते ते मला झोपेत पण ठाऊक, प्रत्येक कॉर्डचा पाया कुठं ते बोटाला ठाऊक. ज्याचा सूड घ्यायचा त्याचंच म्हणणं बरोबर निघावं, ह्याच्यासारखं दुसरं दुःख नाय!

पण सोपं पण नव्हतं हां! पहिल्या दिवशी गिटारच्या सवयीने सगळ्या तारांवरनं एकदम हात फिरवला, खर्रर्र! गिअर न पडलेल्या एसटीचा येतो तसला आवाज, आणि मांडणीवरची भांडी थरथरली. आमची तेजश्री आतून ओरडली, "अहो, डाळीचा डबा चालत चालत पुढं आला!" फ्रेट तर इतके लांब की करंगळी बिचारी पोचेपर्यंत गाणं पुढं निघून जायचं. गिटारने बोटांना पाडलेले घट्टे बासने सोलून काढले. आणि सगळ्यात अवघड काय सांगू? गप्प बसणं! गिटारवाल्याला गाण्यात जरा जागा दिसली की तो तिच्यात काहीतरी कोंबतो. बासवाल्याने ती जागा सोडायची! ऑक्टोपॅडचा धप्प पडला की आपला धुम्म. त्याच्या आधी नाय, नंतर नाय, त्याच्याबरोबर. आणि मग गप्प. मी! आणि गप्प! तुम्ही बघताय ना माझं तोंड कसं चालतं ते?

तर एकदा प्रॅक्टिसला काय झालं, माझं बोट चुकून एक फ्रेट वर पडलं. सगळं गाणं आंबलं. आणि काशीअण्णा कुणावर खेकसला? "ऋत्विक! बेसूर वाजतोय!" मी चपापलो. म्हटलं, काय म्हणाला हा? पुन्हा वाजवलं, आता मुद्दाम. "ऋत्विक! कान कुठं हायत तुझे?" अहाहा! तुम्हाला सांगतो, अंगावर मूठभर मांस चढलं! काशीअण्णाला गळा हाय, कान नाय. आणि लोकांना तर ठाऊकच नाय की मागं बास वाजतोय. ठाऊक नाय म्हणजे बास चुकूच शकत नाय! चुकणार कोण? जो पुढं उभा राहून केस उडवतोय तो! अरे काशीअण्णा, मला मागं उभा केलास, आता मागनंच बघतो तुमच्याकडं. सहा येतात ना? मग चार काय जड!

आणि सूड कुठं घ्यायचा ते पण देवानेच ठरवलं. प्रोग्राम आला कुठला? भरतच्या हळदीचा! भरत म्हणजे तेजश्रीचा चुलतभाऊ, माझा मेहुणा. पोलादपूरच्या वर डोंगरात वाडी. सासुरवाडी हो माझी! अर्धी वाडी मुंबईला कामाला, लग्नाला झाडून सगळी आलेली. आणि माझ्या सासूबाईंनी, रंगूबाईंनी, पुऱ्या वाडीत सांगून ठेवलेलं, "आमचा जावय गिटार वाजिवतो, बगा तुमी!" स्टेजसमोर पहिली चटई टाकून बसल्या. पडदा सरकला. पुढं ऋत्विक. मागं ऑक्टोपॅड. त्याच्या मागं जावई!

"अगो तेजे, तुजा नवरा मागं का उबा हाय गो? रुसलाय काय?"

"आई, हळू बोल ना. बास वाजवतात ते आता."

आणि बाजूची काकू, तिचं तोंड कुठलं राहतंय! "अगो रंगू, आता त्येला चारच तारा दिल्यात. दोन काढून घेतल्या म्हणं."

काढून घेतल्या! म्हणजे काय मी हवालदार होतो आणि फीत काढून घेतली? सासूबाई माझ्याकडं बघून हसल्या, पण हसू तोंडावरच राहिलं, डोळ्यांत गेलं नाय. मला इतकी लाज वाटली, तुम्हाला सांगतो, ऑक्टोपॅडच्या मागं अजून खाली वाकलो. जावई म्हणजे सासुरवाडीत पाटावर बसवायचा माणूस, आणि मी स्पीकरच्या खोक्यामागं! त्याच वेळी ठरवलं, आज ह्या पोराचा पार चोथा करायचा.

काशीअण्णा माइकवर, आवाजात मध घालून, "आता ऐका, भांडुपचा जादूगार! फक्त गिटार! फक्त ऋत्विक!" फक्त गिटार म्हणे! मागं मी काय भोपळे विकत होतो? कीबोर्डवाला पंगतीला जाऊन बसलेला, म्हणजे स्टेजवर सूर सांभाळणारा उरला कोण? मी!

पहिल्या दोन ओळी सरळ वाजवल्या. पोरगं रंगात आलं, कमरेत वाकलं, डोळे मिटले. मी हळूच सरकलो, एक फ्रेट वर. त्याचे डोळे उघडले. गिटारकडं बघतो, खुंटी पिळतो, तार चढवून माझ्या सुरात आणतो. आणली? मी परत खाली! आता ह्याची तार वर. पुन्हा पिळतो, उतरवतो. उतरवली? मी परत वर! पोराच्या कपाळावर घाम. मोबाइल काढला, त्यात ते सूर दाखवणारं ॲप असतं ना, ते चालू केलं. पण मोबाइलला काय ऐकू येणार? जनरेटर, ऑक्टोपॅड, बाया, पोरं... काटा नुसता इकडनं तिकडं नाचतोय! स्टेजवर तेवढाच नाचत होता, बाकी सगळे थांबले. खालनं कुणीतरी ओरडलं, "ए मुंबईकर, गिटार भिजलीय काय रे?" काशीअण्णा दातओठ खातोय. मी मागं, मान खाली, अगदी गरीब. ऋत्विकने शेवटची जोरात पिळली आणि... तडाक! तार तुटून लोंबायला लागली.

शांत! सगळी वाडी शांत! माझ्या आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता, माझ्या स्वतःच्या लग्नात पण नाय. आणि मग समोर बघितलं. भरत, अंगभर हळद, एक हात वर करून तसाच उभा. आणि सासूबाई उठून उभ्या राहिलेल्या, पदर तोंडाला. त्यांच्या घरचं कार्य! चार गावचे पाहुणे, आणि मांडवात सुतकासारखी शांतता! अरे, मी सूड घेतोय कुणावर?

बोटं आपोआप चालली हो. तेच गाणं, तीच चाल, मी बासवरच धरली! गिटारवर जिथं शोधायची तिथंच सापडते, फक्त खालच्या आवाजात. मध्येमध्ये धुम्म. ऑक्टोपॅडवाल्याने पकडलं, धप्प! धुम्म धप्प, धुम्म धप्प... आधी त्या काकूचा खांदा हलला, मग भरत, मग चटईवरच्या सगळ्या बाया उठल्या. मंडळी, मांडवात धुरळा! काठी टेकून आलेला म्हातारा काठी सोडून नाचतोय! मी गाणं संपवूच देईना. शेवटी थांबलो, तेव्हा टाळ्या अशा, की वाटलं, आता. आता कळलं सगळ्यांना. महिपती काय चीज हाय ते कळलं.

सासूबाई स्टेजवर चढल्या. हातात टॉवेल, टोपी, नारळ. डोळ्यांत पाणी. मी बास सरळ केला, मान जरा खाली वाकवली, टोपी घालायला बरी पडावी म्हणून. त्या आल्या... आल्या... आणि माझ्या पुढनं गेल्या! ऋत्विककडं! तो तुटकी गिटार गळ्यात घालून भुतासारखा उभा, आणि ह्या त्याला टोपी घालतायत! "लेकरा, तुजी तार तुटली तरी तू हिंमत सोडली नाय रं! शेवटचं काय गोड वाजिवलंस!"

अहो, त्याने कुठं? मी! मी वाजवलं! तोंड उघडलं मी, पण काशीअण्णाच्या हातात माइक. मग सासूबाई माझ्याकडं वळल्या, मायेने. "जावयबापू, दमला असाल उबं राहून राहून. चला, जेवून घ्या."

परतीला टेंपोत काशीअण्णाने माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "महिपती, आज इज्जत तू वाचवलीस, मला कळतं रे. मी म्हटलंच होतं, सहा येतात त्याला चार काय जड! गिटारवाले पुष्कळ मिळतील, असा बास मिळणार नाय. आता जन्मभर तूच बास!" जन्मभर! आणि ऋत्विक? तो पुढंच! वाड्यावाड्यांतनं निरोप येतात, तार तुटली तरी वाजवणारा तो पोरगा आणा!

आणि त्या पोराचा स्वतःच्या कानावरचा भरवसा त्या दिवसापासून पार उडालाय. प्रोग्रामच्या आधी गिटार घेऊन माझ्यासमोर उभा राहतो, "महिपतीदादा, मला काय समजतच नाय हो, तुम्ही लावून द्या ना." तुम्हाला सांगतो, खुंटीवर हात ठेवला की मनात येतं, द्यावी एक तार हळूच उतरवून. पण नाय. एकदम सुरात लावून देतो. काय करणार? बेसूर वाजला तर मेल्याला अजून एक नारळ मिळायचा!